शेवटचं कलम

आधी मला वाटलं, दादाला कुणीतरी घड्याळ दिलंय. मनगटावर निळं काहीतरी दिसत होतं. मग दुसऱ्या मनगटावरही दिसलं, आणि दोन्ही हातांवर घड्याळ कोण बांधतं हा साधा प्रश्न मला पडेपर्यंत मी खुर्ची ओढून बसले होते, पिशवीतून संत्री काढली होती, एक सोलायलाही घेतलं होतं. चादर जरा वर सारली तेव्हा कळलं. जाड कापडाची पट्टी मनगटाला वेढा घालून पलंगाच्या कठड्याकडे गेली होती आणि खाली, जिथे दादाची बोटं पोचणार नाहीत अशा जागी, तिची गाठ होती. गाठ सवयीच्या हाताची होती, रोज मारणाऱ्याची. दादा ओळखीचं हसला आणि म्हणाला, आज लवकर सुटलीस. खरंच लवकर सुटले होते. प्रांतसभेत दुपारच्या बैठकीला पुरेसे सभासदच आले नाहीत. अध्यक्षांनी घंटा वाजवून पाहिली, थोडं थांबून पुन्हा वाजवून पाहिली, आणि बैठक तहकूब केली. एरवी मी रविवारी सकाळी येते. रविवारी सकाळी दादाचे हात मोकळे असतात, नखं कापलेली असतात, केस विंचरलेले असतात. इतके महिने मी त्या मोकळ्या हातात हात घालून बसत होते आणि भावाला चांगल्या ठिकाणी ठेवलंय म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

सिस्टर वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर सगळं खापर तिच्यावर फुटायचं. अख्ख्या मजल्याला ती एकटी. मी म्हटलं, हे सोडा आधी, हे असं करता येत नाही. ती म्हणाली, "रागावू नका हो ताई, सोडते ना. तुम्ही आहात तोवर मोकळेच ठेवू." माझ्या डोक्याला एक खोड लागलीय. माणूस बोलला की मी त्याचं वाक्य कलमासारखं वाचते. अट कुठली, मुदत कुठली, अपवाद कुठला. तुम्ही आहात तोवर. म्हणजे मी उठले की पुन्हा. दादा नाकातली नळी उपटतो, तिनं सांगितलं, एकदा रक्त आलं होतं. आणि डावा हात असा काही झटकतो की परवा तिच्या गालावर बसला. डावा हात म्हणजे गियरचा. आयुष्यभर शहराची बस चालवलेला माणूस आहे, झोपेतसुद्धा गियर टाकतो, त्याला कोण काय करणार. मी तिला सांगितलं की देखभालगृह कायद्यात कलम चौदा आहे, निवासी व्यक्तीचे हात, पाय किंवा धड कोणत्याही साधनाने बांधता येणार नाही. पाठ आहे मला. असणारच, मीच लिहिलंय. मंत्र्याचं नाव त्याच्यावर असलं तरी शब्द माझे आहेत. सिस्टरनं हातातली बादली खाली न ठेवता ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, आम्हाला तर कुणी बोललं नाही, खाली व्यवस्थापकांना विचारा.

व्यवस्थापकांनी मला बसवलं, पंखा वाढवला, चहा मागवला. मी कलम चौदा पुन्हा म्हटलं. ते मान हलवत होते, जणू त्यांनाही पाठ होतं. "मॅडम," ते म्हणाले, "पण तो कायदा लागू कुठे झालाय?" मी हसले. अगदी मोठ्यानं हसले, आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. मी त्यांना सांगितलं की तो एकमतानं मंजूर झाला तेव्हा मी सभागृहात अधिकाऱ्यांच्या बाकावर बसले होते. ते म्हणाले, मंजूर झाला ना, ते कुठे नाही म्हणतोय मी, मंजूर झालाच आहे. लागू झालेला नाही. आमच्या संघटनेचा माणूस दर महिन्याला चौकशी करून येतो. त्यांच्या आवाजात कुरघोडी नव्हती, साधी माहिती द्यावी तसं सांगत होते. वर म्हणाले, सहसा आम्ही कुणाला बांधत नाही. मी मनातल्या मनात 'सहसा' खोडला. पण तो खोडून काय उपयोग होता? चहा पिऊन मी वर गेले, दादाला संत्र्याच्या फोडी भरवल्या, त्यानं त्यातल्या दोन तोंडातून परत काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. मी उठले तेव्हा सिस्टर दारातच उभी होती, मी जायची वाट बघत.

घरी जाताना बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. ही माझी जुनी जागा. आईवडील गेले तेव्हा मी शाळेत होते आणि दादा नुकता बसवर लागला होता. घरी एकटी कशी ठेवायची म्हणून शाळा सुटली की तो मला थांब्यावरून उचलायचा, आणि त्याची पाळी संपेपर्यंत मी त्याच्या मागच्या जागेवर बसून गृहपाठ करायची. माझं शुद्धलेखन सगळं हिंदकळलेलं असायचं, बाई विचारायच्या, घरी टेबल नाही का गं. वर मागचं दिसायला लावलेला लांबट आरसा होता, त्यात त्याचे डोळे आणि खाली चाकावरचे हात एवढाच दादा मला दिसायचा. हात मोठे, पालथ्या बाजूला उन्हानं रापलेले. गर्दीत कुणी माझ्यावर रेललं की आरशातले डोळे वर यायचे आणि तो ओरडायचा, मागे जागा आहे, मागे सरका, पोरीला चेंगरू नका. ती पोर मोठी होऊन वकील झाली, वकिली काही जमली नाही, आणि तेवढ्यात प्रांतसभा आली. प्रांताला स्वतःची सभा असावी की नसावी यावर लोकांनी मतदान केलं त्या दिवशी दादानं सुट्टी असून बस काढली होती. टेकडीवरच्या वस्तीतून म्हाताऱ्याकोताऱ्यांना मतदान केंद्रावर आणून सोडत होता, उतरताना एकेकाला हात देत होता. राजधानीतल्या लोकांना आपल्या गल्लीतलं काय कळतंय, हे तेव्हा सगळेच म्हणायचे, आणि आपलं आपण ठरवू असंही म्हणायचे. संध्याकाळी तो घरी आला तो घामानं निथळत आणि इतका खुशीत की जेवताना मध्येच उठून उगाच घरभर फिरून आला. मला तिथे मसुदा कक्षात नोकरी लागली तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त रडला. त्या बसमध्ये बसून, पुढच्या अनोळखी ड्रायव्हरच्या मानेकडे बघत, मला व्यवस्थापकांचं म्हणणं हळूहळू कळायला लागलं. माझा थांबा आला तरी मला उठवेना.

आमच्या कक्षात शेवटच्या कलमाला शेपूट म्हणतात. 'हा कायदा शासन ठरवील त्या तारखेपासून अंमलात येईल.' प्रत्येक विधेयकाला हे असतं. ते कुणी लिहीत नाही, मागच्या विधेयकातून उचलून पुढच्याला लावतात. चर्चा सगळी पहिल्या कलमांवर होते. तिथे सभासद घसा फोडून बोलतात, एकेका शब्दावर दुपार जाते, आणि शेपटापर्यंत येईतो सगळे थकलेले असतात, अध्यक्ष भराभरा म्हणतात, कलम अमुक ते अमुक संमत, की बाकं वाजतात. तसं ते कलम समंजसपणाचं आहे. देखभालगृहांना माणसं भरायला वेळ हवा, तपासनीस नेमायला हवेत, उद्याच्या उद्या कसं होणार? पण त्या कायद्याच्या वेळची एक गोष्ट आता मला चावून खात होती. देखभालगृहवाल्यांच्या संघटनेनं आधी केवढा गोंधळ घातला होता. निवेदनं, मोर्चा, धंदा बंद करू म्हणून धमक्या. आणि शेवटच्या आठवड्यात एकदम गप्प. आम्ही म्हटलं, पटलं त्यांना. आमच्या साहेबांनी कक्षाला चहा पाजला, म्हणाले, चांगला मसुदा असला की विरोधकसुद्धा वाचून शांत होतात. वाचून शांत झाले हे खरंच होतं. ते विधेयक शेवटच्या कलमापासून वाचतात, एवढंच आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्हाला मंजुरी म्हणजे शेवट. मंजूर झालं की त्या विधेयकाचे कागद कपाटात, टेबल पुसून पुढचं विधेयक. मी त्यानंतर कितीतरी कायदे लिहिले. आणि दादाचं खुब्याचं हाड मोडलं, तो घर विसरून आगार शोधायला निघायला लागला, तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, काळजी करू नकोस, आता कायदा आहे, तिथे तुला कुणी हात लावणार नाही. तो म्हणाला होता, तू म्हणतेस ना, मग चल.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. साहेबांना कक्षात सगळे अल्पविराम म्हणतात, कारण ते कुठलंही वाक्य पूर्ण करत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी सगळी वाक्यं पूर्ण केली. त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. देखभालगृह हा विषय प्रांताचा, पण परिचारिकांनी काय करावं नि काय करू नये हा राखीव विषय, तो राजधानीकडे. कलम चौदा परिचारिकेला एक गोष्ट करायला मना करतं, म्हणजे आपण त्यांच्या अंगणात पाय टाकला. राजधानीनं खुलासा मागवला, आपण पाठवला, त्यांनी त्यावर अभिप्राय मागवला, मग मध्ये निवडणूक आली, मग तिथली माणसं बदलली, आणि नव्या माणसांनी पुन्हा पहिल्यापासून खुलासा मागवला. भिजत घोंगडं. "भिंती आपल्या," साहेब म्हणाले, "पलंग आपले, पलंगावरचा माणूस आपला. बांधणारे हात तेवढे राजधानीचे." मी विचारलं, तुम्ही कधी बोलला का नाहीत? ते चष्मा पुसत म्हणाले, कुणी विचारलं नाही, आणि विचारतं कोण? आपले निम्मे कायदे असेच आहेत, बाई. पाण्याचा आहे, भाड्याच्या घरांचा आहे, शाळेच्या इमारतींचा आहे. ते अगदी सहज बोलत होते. खिडकीतून खाली सभागृहाचं काचेचं छप्पर दिसत होतं, एक माणूस दोरीला लोंबकळून काचा पुसत होता. मला रडायला आलं नाही, नुसता राग आला, आणि तो कुणावर काढावा ते सापडेना. घोडं कुठे अडलंय हे शोधायला गेलं की प्रत्येक दारातला माणूस अदबीनं पुढचं दार दाखवतो.

तक्रार करायची तर तपासनिसाकडे, आणि तपासनीस नेमायची तरतूद कलम एकोणीसमध्ये, म्हणजे तेही झोपलेलं. कोर्टात जायचं तर पहिला प्रश्न हाच की कलम अंमलात आहे का. दुसरी देखभालगृहं बघून आले. एकीकडे पट्ट्या पांढऱ्या होत्या, एकीकडे पट्ट्याच नव्हत्या, पण तिथे सगळे दिवसभर औषधानं झोपलेले. घरी आणावं, तर घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि दिवसा मी प्रांतसभेत. तरी बाई ठेवून बघितली एकदा, आठवडाभर. बाईनं मला न सांगता त्याला खुर्चीला बांधून ठेवलं, तिच्याच ओढणीनं, आणि वर म्हणाली, मऊ आहे हो, लागत नाही. मग पुन्हा तिथेच नेला. शेवटी मी मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे ज्यांनी तो कायदा आणण्यासाठी जिवाचं रान केलं ते सभासद. जन्मभर शाळेत शिकवलेलं, आणि त्यांची आई अशाच एका पलंगावर बांधलेल्या अवस्थेत वारली, हे त्यांनी सभागृहात उभं राहून सांगितलं होतं तेव्हा पत्रकारांच्या सज्जातसुद्धा कुणी लिहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, असं कसं, मी तर प्रचारात सांगितलंय, दोन निवडणुका सांगतोय. त्यांच्या टेबलावर काचेखाली आईचा फोटो होता, त्याच्यावर त्यांनी सावकाश वर्तमानपत्र सरकवलं. मला फार वाईट वाटलं त्यांचं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं, की चला, एकटी मीच नाही.

मास्तरांनी प्रश्न विचारला. सभागृह त्या दिवशी भरलेलं होतं. मंत्री म्हणाल्या, बाब विचाराधीन आहे. मास्तर उभेच राहिले, अध्यक्षांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत, आणि हळूहळू दोन्ही बाजूंचे लोक उभे राहायला लागले. इतकी वर्षं तिथे बसते, असं कधी बघितलं नव्हतं. जो उठला तो आपला एकेक झोपलेला कायदा सांगत होता. कुणाला माहीत होतं, बहुतेकांना नव्हतं. मतदानाच्या दिवशी दादा खुशीत घरी आला होता ती संध्याकाळ मला आठवली. वाटलं, आता होतंय काहीतरी. आणि झालंही. सर्वांनी एकमतानं ठरवलं की हे खपवून घ्यायचं नाही, यासाठी एक कायदा करायचा: मंजूर झालेले कायदे ठरावीक मुदतीत लागू करण्याबाबतचा कायदा. मसुदा अर्थातच माझ्याकडे आला. मी तो जीव ओतून लिहिला. इतका घट्ट मसुदा मी आयुष्यात लिहिला नसेल, कुठून सुई शिरणार नाही असा. साहेबांनी वाचला, खरंच खूश झाले, आणि म्हणाले, शेवटचं कलम राहिलंय. मी म्हटलं, मुद्दाम ठेवलं नाही. मंजूर होईल त्याच दिवशी अंमलात. साहेबांनी मला बसायला सांगितलं. तारीख ठरवायचा शासनाचा अधिकार काढून घेतला तर अधिकारांच्या वाटणीचाच प्रश्न येतो, ते म्हणाले, तो राखीव विषय, राजधानीचा वकील आठवड्यात स्थगिती आणील, मग तुमच्या विधेयकाचं तोंडसुद्धा कुणाला दिसणार नाही. ते खोटं बोलत नव्हते. मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, कायद्यानं त्यांचंच बरोबर होतं. मग मी मागच्या विधेयकातून ते एक वाक्य उचललं आणि लावलं. विधेयक मंजूर झालं, बाकं किती वेळ वाजत होती, मास्तर दोन्ही हातांनी वाजवत होते. मी अधिकाऱ्यांच्या बाकावर हात मांडीत घेऊन बसले होते. तो कायदा आता विचाराधीन आहे.

मी मग नुसत्या रविवारी न जाता रोजच जायला लागले, प्रांतसभा सुटली की थेट. तेवढाच त्याचे हात सुटे राहण्याचा वेळ वाढतो. मी दिसले की सिस्टर येऊन पट्ट्या सोडते, मनगटं चोळून देते, आणि दादा लगेच निघतो. उजवा हात चाकावर, डावा गियरवर, पाय चादरीखाली दाबतोय. मी मागच्या जागेवर बसल्यासारखी उशाशी बसते आणि थांबे सांगते. बाजार, दवाखाना, जुना पूल. पुलावर तो नेहमी हळू घेतो. कधी मला ओळखतो, कधी मी नुसती कुणीतरी प्रवासी असते आणि तो मला सुट्टे तयार ठेवायला सांगतो. शेजारच्या पलंगावर एक नवीन गृहस्थ आले होते, कुठल्याशा कारखान्यात हिशेबनीस होते म्हणे. त्यांची पहिलीच संध्याकाळ. मनगटांवर पट्ट्या नव्या कोऱ्या, आणि ते त्यांच्याकडे असे बघत होते, जणू आपण कुणाचा काय गुन्हा केला ते आठवायचा प्रयत्न चाललाय. त्यांच्याकडचं कुणी आलं नव्हतं.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. रोज घंटेनंतर मी पटकन निघते. सिस्टर बांधायला येईपर्यंत जिन्यात पोचलेलं बरं असतं, ते बघावं लागत नाही. त्या दिवशी सिस्टर खोलीच्या पलीकडच्या टोकाला होती, एक म्हातारी पलंगावरून अर्धी खाली घसरली होती आणि सिस्टर तिला दोन्ही हातांनी तोलून धरून उभी होती. मी पिशवी उचलली. दादाचा हात नळीकडे गेला. मी तो खाली घेतला, तो पुन्हा गेला. तिकडून सिस्टरनं मान वळवून बघितलं. "ताई," ती म्हणाली, "जाता जाता तेवढं लावून जाल का? माझे हात अडकलेत." ती मुद्दाम म्हणाली नाही, टोमणा नव्हता, तिला खरंच तिसरा हात नव्हता. मी नाही म्हणू शकले असते. मग नळी निघाली असती, रक्त आलं असतं, आणि उद्या सिस्टरनं गाठ आणखी आवळली असती. मी पिशवी खाली ठेवली. पट्टी हातात घेतली तेव्हा कळलं की ती किती धुऊन धुऊन मऊ झालीय. दादाचा डावा हात मी दोन्ही हातांत धरला, तो जरा वळवळला, मग माझ्याकडे बघून थांबला. मी वेढा घातला. गाठ कशी मारायची ते मला येत होतं, रोज सिस्टर सोडताना बघून बघून आलं होतं. शेजारचे हिशेबनीस मान उंच करून सगळं बघत होते, आणि त्यांचे ओठ थरथरत होते. दादाच्या ते लक्षात आलं. आगारात नवीन आलेल्या माणसाशी बोलायचा तसा, समजुतीच्या आवाजात तो त्यांना म्हणाला, "घाबरू नका हो. माझी धाकटी बहीण आहे ती, प्रांतसभेत असते. कायद्यात नसतं तर तिनं कशाला बांधलं असतं?"

आणि त्यानं उजवा हात आपणहून पुढे केला. मी तो घेतला.